उसना पट्टा

बोरगडच्या फाटकावर
खारीकचं नावही कुणी विचारलं नाही.
पाटी वाचून दाखवली फक्त:
पाळीव प्राण्यांना प्रवेश नाही.
गार्ड कोवळा, बाहीवर इस्त्रीची घडी तशीच.
म्हणाला, ताई, माझ्याही घरी दोन आहेत,
पण पाटी आहे.
खारीकने त्याचा बूट हुंगला सावकाश,
चिखलात तिला ती दोघं भेटली असावीत,
शेपूट हलली.

मला पाट्यांची सवय आहे.
इंदिरानगरात आमच्या लिफ्टच्या दारावर
हेच वाक्य आहे, अक्षर जरा बरं.

गाडी वळवली.
गिरणाऱ्यात टोमॅटो घेतले, मिरच्या तशाच मिळाल्या,
आणि काश्यपीच्या काठाला, जिथे माघात
पाणी मागे सरकतं
आणि बुडालेल्या शेतांचे बांध
बरगड्यांसारखे वर येतात,
तिथे तंबू ठोकला.
ठोकला म्हणजे, तीनदा पडला.
खारीक प्रत्येक पडझडीला
नवा खेळ समजून आत घुसली.

ऊन वाघेऱ्यामागे गेलं तेव्हा हिरामण गांगोडे आले,
हातात काठी, डोक्याला मफलर,
जमीन त्यांचीच, धरणात गेली त्यातून उरलेली.
एकट्याच?
नाही, ही आहे ना, मी म्हटलं.
त्यांनी खारीककडे
कुणाचा तरी उघडा राहिलेला डबा
बघावा तसं बघितलं.

बराच वेळ बोलले नाहीत.
मग: रातीला हिला भायेर नका ठेवू.
आमचा मोती नेला अमावस्येला.
पट्टा काढला होता त्याच दिवशी,
मान सोलली होती म्हणून,
हळद लावली होती.

गेले. अंधारात बॅटरी डुलत गेली
आणि थोड्या वेळाने तशीच डुलत परत आली.
पट्टा आणला होता.
जुन्या टायरच्या पट्टीला
बाहेर टोकं काढून ठोकलेले खिळे,
आतून चिंधी शिवलेली, लाल, लुगड्याच्या काठाची.
बांधा, म्हणाले. सकाळी द्या.

खारीक, जी आंघोळीला
तीन खोल्या पळवते,
मान खाली घालून उभी राहिली.
चिंधीत अजून दुसऱ्याचा वास होता.
ती तो हुंगत होती
आणि मी हळद शोधत होते, दिसली नाही.

रात्र कशी गेली सांगता येणार नाही.
चेन वरपर्यंत ओढलेली,
तंबूचं कापड तरी किती जाड,
दोन ओढण्यांइतकं.
लिफ्टवरची पाटी आठवली, हसू आलं,
इथे पाळीव मी होते.
साडेतीनला कधीतरी टिटवी ओरडत उठली,
पाण्यावरून, एका जागेवरून दुसऱ्या जागी,
जणू कुणाच्या तरी मागोमाग.
खारीक भुंकली नाही.
हे मला जास्त कळलं.
खिळे माझ्या स्लीपिंग बॅगेत घुसले होते
आणि ती थरथरत होती, त्यामुळे
मीही.
मग टिटवी गप्प बसली.
मग आम्ही झोपलो, की नुसत्या पडून होतो.

सकाळी दवाने तंबू जड झालेला.
बॅगेला सात भोकं, मोजली.
गांगोड्यांच्या अंगणात चूल पेटलेली,
त्यांच्या बायकोने काही न विचारता
नागलीची भाकरी दिली, अर्धी मला, अर्धी तिला.
दारामागे गोणपाटावर एक पिल्लू होतं,
काळं, डोळे नुकते उघडलेलं.
हिरामणकाकांनी खिळे अंगठ्याने एकेक चाचपले,
पट्टा पिल्लाच्या मानेजवळ नुसता धरून पाहिला.
दोनदा गुंडाळला असता तरी ढिला पडला असता.
दिवाळीपर्यंत, म्हणाले,
आणि खुंटीला अडकवला.

गिरणाऱ्यापर्यंत
खारीकच्या मानेवर रेघ दबलेली होती.
खिडकीतून वारा लागला,
हळूहळू केस उभे राहिले.