सोळावा तुकडा

टेहळणीच्या झोपडीपासून अंजिराच्या झाडापर्यंत
जेमतेम तेरा मीटर वीस.
चाळीस मीटरच्या पट्ट्याला वीस तरी लागतात.
पुढे कडा, कड्याखाली अटलांटिक,
मागे सिल्व्हेरियाबाईंची गुरं,
त्या एक खांबसुद्धा रोवू देणार नाहीत.

म्हणून तार मी आधी पडद्यावर ओढली.
तार क्रमांक एक, एकतीस तुकडे.
विषम का, वडिलांनी विचारलं.
म्हटलं, विषम असले की नेमका मधला सापडतो,
स्रोत मधोमध बसवायचा असतो.
सोळाव्या तुकड्यावर एक व्होल्ट, फेज शून्य.

त्यांनी मान हलवली.
याच झोपडीत बसून बावीस वर्षं
त्यांनी देवमाशाच्या फवाऱ्याची वाट पाहिलेली.
फवारा दिसला की आकाशात बाण सोडायचा,
आणि खाली लाझेसच्या बंदरात माणसं
हातातला घास टाकून होड्यांकडे धावायची.
स्रोत कुठे, ते तेव्हा समुद्र ठरवायचा.

उत्तर आलं: बावीस ओम, आणि उणे सहाशे सत्तर.
"उणे म्हणजे?"
म्हणजे तार आखूड आहे.
दिलेलं पुरतं घेत नाही, बरंचसं परत करते.
तिला भार द्यावा लागेल.

"आखूड आहे, म्हणून वर भार?"
हो. आठव्या तुकड्यावर एक गुंडाळी,
चोविसाव्यावर तिची जोडीदारीण,
प्रत्येकी पंधरा मायक्रोहेन्री.
ओझं योग्य जागी पडलं
की ती लांब असल्यासारखी वागू लागते,
बाप समुद्रावर गेलेल्या घरातल्या
थोरल्या पोरीसारखी.

हे बोलून गेल्यावर मी पडद्याकडेच बघत राहिले.
तेही.

आलेख इतका देखणा आला की संशय यावा.
भाराच्या रकान्यात रोध शून्य ठेवला होता मी.
शून्य तोट्याचं ओझं प्रोग्राममध्येच असतं.
साडेतीन ओम लिहिले, दोन्हीकडे.
आलेख थोडा बसला,
ओळखीचा वाटू लागला.

गुंडाळ्यांसाठी मी प्लास्टिकचा पाइप आणला होता.
त्यांनी मोडक्या वल्ह्याचे दोन तुकडे काढले, तासलेले.
लाकूड ओल धरतं, मी म्हटलं.
"धरू दे."

मग, तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता,
कितव्या तरी वेढ्याला म्हणाले,
बेलार्मिनो दर रविवारी सात मेगाहर्ट्झवर असतो म्हणे.
बेलार्मिनो काका, फॉल रिव्हर.
एकोणऐंशी साली गेला तो, एका कुरणाच्या तुकड्यावरून.
तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांना पाण्यात बघतात,
आणि पाणीही मधे केवढं!

"मला बोलायचं नाहीये. नुसतं ऐकायचंय.
तो स्रोत काढून टाक."

काढला.
प्रोग्राम अडून बसला: स्रोत नाही, गणित होणार नाही.
मी समजावलं त्यांना.
तार जशी बोलते तशीच ऐकते,
म्हणून ती कशी ऐकेल हे कळायला
आधी तिला बोलायला लावून बघावं लागतं.
खोटं का होईना, एक व्होल्ट.

वेढे मोजायचे थांबले होते.
"ठेव परत," म्हणाले. "तिथेच ना, सोळाव्यावर?"

रविवारी अंधार पडताना तार वर चढली.
वल्ह्याने रात्रभरचं धुकं पिऊन घेतलेलं,
सात पूर्णांक शून्य चारवरच अडकली.
दोन्ही टोकं वीत वीत दुमडली, तेव्हा जागेवर आली.
मग खरखर, कोणा स्पॅनिश माणसाचा हवामानाचा पाढा,
पुन्हा खरखर,
आणि एक खोकला.
खोकला त्यांनी आधी ओळखला, नाव मागाहून आलं.

माइक मांडीवर होता.
बटणावर अंगठा, न दाबलेला.
मी हेडफोनचं एक कान सोडून बाहेर पाहिलं:
सिल्व्हेरियाबाईंची एक गाय
तारेखाली येऊन उभी राहिली होती.

ती मी धरली नव्हती गणितात.