रिकामा खुंटा

मोहाच्या दिवसांत आमचं गाव पहाटे तीनलाच उठतं.
त्या वर्षी आणखी थोडं आधी उठलं.
खोब्रागडे गुरुजींनी घरोघर सांगून ठेवलं होतं :
दक्षिणेला बघा, विंचवाच्या नांगीखाली.

टोपल्या पायाशी ठेवून बघितलं.
फळ्यावरचं अक्षर तळव्यानं पुसावं
आणि खडू उरावा,
तेवढंच होतं ते.
"याच्यासाठी उठवलं का जी?" म्हणाला तुकडू
आणि फुलं वेचायला वाकला.
ती पडतच होती, टप् टप्.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात
गुरुजींनी दोन खुंटे ठोकले, पंधरा पावलांवर.
दोघांभोवती विहिरीचा दोर, जेमतेम सैल,
आणि विटेच्या तुकड्यानं तो ताणत
स्वतःच फिरले, पायजमा वर खोचून.
"हा तं डोंगा झाला!"
पंचफुला म्हणाली, ढिवराची.
तिच्या बापाचा असाच होता तलावात, लांब, अरुंद.

"हा खुंटा म्हणजे सूर्य."
"अन् तो?"
"तिथं काहीच नाही."
"मंग कायले गाडला जी?"

गुरुजींनी तो उपटला.
उरलेल्या एकाभोवती दोर ताणून पुन्हा फिरले :
गोल. थेट कुंपणापर्यंत.
"बघ. आता तो दूर जाणार नाही,
जवळही येणार नाही.
शेपूट कुठून फुटेल त्याला?"
पंचफुला त्या भोकाकडे बघत राहिली,
घंटा झाली तरी.

परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या डिसेंबरात
धानाच्या पुंजण्यावर राखणीला होतो.
मोबाइलवर वाचलं : नेपच्यूनच्याही पलीकडे
तो वळला. तिथं तो सगळ्यात हळू चालतो म्हणे.
गुरुजी असते तर त्यांना लावला असता फोन.
पंचफुलाला लावला.
ती तुमसरच्या बाजारात मासळी विकते.

"वळला?"
"वळला."
"किती वर्षं?"
"अडतीस."
तिनं हिशेब केला असावा. बोलली नाही.
मग म्हणाली,
"तो खुटा मीनंच नेला होता घरी,
डोंगा बांधाले.
आहे अजून पारीवर."

"थांब जरा, गिऱ्हाईक आलं."

फोन तिनं कापला नाही.
पाणी शिंपडल्याचा आवाज. वजन ठेवल्याचा.
कुणीतरी भाव पाडत होतं.
मी पुंजण्याला टेकून
तसाच धरून राहिलो.