हत्तीची पोळी

जेवताना वीस मिनिटं, असा ठराव झाला होता.
वृषालीने तो फ्रीजवर लावला,
आंब्याच्या चुंबकाखाली, गॅसच्या नंबरशेजारी.
कणादला वाचता येत नाही. तो साडेतीन वर्षांचा आहे.
मला येतं,
आणि पहिल्याच आठवड्यात तो चारदा मी मोडला.

कारण भेंडी.
कारण वृषालीला तुर्भ्याहून यायला साडेआठ वाजतात,
मढवी काकू सातला त्याला दारात सोडून जातात,
आणि पावणेनऊला कंपनीची गाडी
घणसोली नाक्यावर माझ्यासाठी थांबत नाही,
फक्त हळू होते.

तेवढ्यात एक मूल भरवायचं.
निळा हत्ती सोंडेने मालगाडी ओढतो,
इकडे तोंड आपोआप उघडतं, घास आत जातो.
काय खाल्लंस, विचारलं तर म्हणतो, हत्ती.

फोन तांदळाच्या डब्यात लपवून पाहिला.
कर्ज हवंय का विचारायला कुणीतरी फोन केला,
तांदूळ थरथरले,
आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत.

मी ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये असतो, रात्रपाळीला.
गावी सांगताना म्हणतो, कॉम्प्युटरमध्ये.
खरं तर मी थंडी सांभाळतो.
काळ्या कपाटांच्या रांगा, बारीक हिरवे दिवे,
आणि पंख्यांची अशी घरघर
की सकाळी घरातली शांतता कानाला टोचते.

एकदा बंद केल्यावर तो फरशीवर आडवा झाला.
टाचा आपटल्या, खालच्या मजल्यावरून बेल आली,
आणि रडता रडता मध्येच थांबून त्याने विचारलं,
बंद केल्यावर हत्ती कुठे जातो?

माझ्या ऑफिसात, मी बूट घालता घालता म्हणालो.
झोपायला.

हे खोटं होतं का,
मला अजून नक्की सांगता येत नाही.

तो उठला. नाक पुसलं नाही.
ताटातली उष्टी अर्धी पोळी उचलली
आणि माझ्या डब्यात कोंबली.

तेव्हापासून फोन तोच बंद करतो.
चल बाबा, गाडी जाईल, त्याला झोप आलीय.
वीसची कधी अठराच होतात.
वृषाली म्हणते, हे फार दिवस चालायचं नाही.
वृषालीचं बहुतेक बरोबर असतं.

आत खायला परवानगी नाही.
पहाटे तीनला जिन्यात बसून मी हत्तीची पोळी खातो,
कडक झालेली, कडेला चिमुकल्या दातांची नक्षी.
भिंतीपलीकडे यंत्रं घुमत असतात.
किती घरांतली भेंडी तिथे अडकलीय, देव जाणे.
सकाळी तो विचारतो, खाल्ली?
मी म्हणतो, सगळी.

मग गुरुवार आला. माझी सुट्टी.
आठ वीसला तो माझ्या पायांकडे बघत बसला.
मी बूट घालत नव्हतो.
आज तू जात नाहीस, तो म्हणाला.
म्हणजे आज हत्ती जागा.

तर्क चोख होता.
वृषाली नुकतीच आत आलेली, पर्स खांद्यावरच.
तुझा हत्ती, ती म्हणाली, तू बघ.
आणि हसू लपवायला मोरीत पाय धुवायला गेली.

चाळीस मिनिटं झाली. मग पन्नास.
फ्रीजवरच्या कागदाकडे मी पाठ केली.

शेवटी त्यालाच जांभई आली.
कपाट आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या फटीत
त्याने चटई ओढली, स्वतःची उशी ठेवली,
उशीवर फोन उताणा निजवला
आणि माझा रुमाल गळ्यापर्यंत पांघरला.
फोनला गळा कुठे असतो, ते त्याला माहीत होतं.
अर्धी पोळी उशाशी.
दिवा घालवायला लावला. आम्ही तिघं अंधारात बसलो,
काय बोलावं ते न सुचून.

रुमालाखाली काहीतरी दोनदा थरथरलं.
ऑफिस असणार. माझा हात गेलाच.

शू, तो म्हणाला,
कूस बदलतोय.