एकोणीस अंश

मुंबईत ध्रुव फार वर नसतो.
एकोणीस अंश. हात लांब करून मूठ धरली
तर दोन मुठींच्या जरा खाली, ठाण्याच्या अंगाला,
आणि नेमकं तिथेच आता चाळीस मजली काहीतरी उभं राहतंय.
क्रेनच्या टोकाला लाल दिवा.
पहिल्या रात्री धुरक्यात मी अक्ष
त्या दिव्यावरच लावला होता. इमानाने.

कवळ्या करते मी. भांडुपच्या लॅबमध्ये, एकवीस वर्षं.
दुसऱ्याच्या तोंडात बसायचं तर केसभर चूकही टोचते,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
तरी ओगल्यांनी शिकवलं. डोंबिवलीचे ओगले,
ज्यांच्याकडून ही जुनी नळी घेतली,
एकाच मोटरवर कुरकुरणाऱ्या माउंटसकट:
"नळीला कोण विचारतो? पाय बघा, पाय.
आणि लोभ नको. पंधरा सेकंद. मग पुन्हा पंधरा."

त्याहून जास्त उघडं ठेवलं
की मुलुंडचं आभाळ चहासारखं उतू जातं.

पंधरा सेकंद, दोनशे चाळीस वेळा.
त्यातले कितीतरी वाया.
विमान गेलं.
साडेदहाला टाकीचा पंप सुरू झाला, ताऱ्यांना शेपट्या फुटल्या.
सेक्रेटरी सबनीस स्वतः वर आले, टॉर्च मारत:
"याचं तोंड नक्की कुणाच्या खिडकीकडे आहे?"
मृगाकडे, म्हटलं.
त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला.
"धुरकट आहे," म्हणाले. "काच पुसा."

ध्रुव दिसत नाही, मग दुसरी रीत.
बाणाचा वरचा तारा आडव्या रेघेवर धरायचा
आणि पाच मिनिटं श्वासही बेताने.
तो वर घसरला तर बोल्ट कणभर इकडे,
खाली घसरला तर तिकडे.
अकरा रात्री गेल्या.
बाराव्या रात्री तारा रेघेवर बसून राहिला,
पहिल्याच खेपेला बसलेल्या कवळीसारखा,
आणि मी तिन्ही पायांभोवती
नेलपॉलिशने तीन गोल काढले.
बाटली संपली. लग्नासाठी आणलेली होती, भाचीच्या.

मग पावसाळाभर सगळं कपाटात, सिलिकाच्या पुड्यांसोबत.
डिसेंबरात किल्ली घेतली, वर गेले,
तर गच्ची पांढरीशुभ्र.
वॉटरप्रूफिंग. दोन हात, दहा वर्षांची हमी.
मी गुडघ्यांवर बसून नखाने खरवडून पाहिलं.
हमी खरी होती.

पुन्हा रेघ. पुन्हा इकडे, तिकडे.
या खेपेला सहा रात्रींत जमलं,
म्हणजे हात काहीतरी शिकला असावा.

शेवटी झाकण लावून वीस फोटो काढायचे असतात.
वॉचमन हरिनंदन वही घेऊन आला सहीला.
"मॅडम, झाकण तसंच राहिलंय."
राहिलं नाही, मुद्दाम लावलंय.
कॅमेऱ्याचा स्वतःचा अंधार आधी वेगळा टिपायचा,
मग तो बाकीच्यातून वजा करायचा.
त्याने वही मिटली, उघडली.
"रात्रपाळीचं असं करता येतं का काही?"
मला उत्तर सुचलं नाही.
त्याला स्टूल दिलं. तो पंप सुरू होईपर्यंत बसला.

रविवारी दुपारी, पडदे ओढून,
एकशे सत्तर फोटो एकावर एक.
आधी नुसता तांबूस गाळ.
मग बाणाच्या खाली, मृगाच्या जखमेपाशी,
पंख पसरल्यासारखं काही.
सबनीसांना पाठवला. उत्तर आलं,
"पुसलीत वाटतं काच."

सोमवारी लॅबमधून छटांची पट्टी आणली,
दातांचे सोळा रंग, स्क्रीनशी धरून पाहिले एकेक.
कुठलाच जुळला नाही.
जुळला तो हिरडीचा गुलाबी,
जो मी रोज कालवते, वाटीत,
आणि ज्याकडे कुणी बघू नये
अशीच माझी सगळी खटपट असते.