उलटं वजन

जालना, एमआयडीसी फेज टू, रोलिंग मिलची मागची शेड.
आमचा तीन टनी फोर्कलिफ्ट
सकाळी उठवला की आधी खोकतो,
मग पांढरा धूर सोडतो,
मग कुठं कामाला येतो.
पिवळा रंग उरलाय फक्त सीटखाली.

तोष्णीवाल साहेब घड्याळाकडं बघत म्हणले,
एक गाडी भरायला दीड तास, खिल्लारे?
शेजारच्या मिलमध्ये पन्नास मिनिटं.
जीव इंजिनात नाही, का तुमच्यात?
मी म्हणलं, इंजिनात.

चंदनझिऱ्याहून इलियास मिस्त्री आला,
लुनाला पाने बांधलेले, गोणपाटात.
वैद्यानं जीभ बघावी तशी त्यानं डिपस्टिक बघितली.
एअर फिल्टर टायरवर आपटला
तर निघाली चार मुठी काळी भुकटी.
"सांस किधर से लेगा ये?"
पहिल्यांदाच कुणी गाडीची बाजू घेतली.

डिझेलची जाळी धुतली.
मास्टच्या साखळीला तेल पाजलं,
ती आधी नको नको म्हणली, मग पीत राहिली.
एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं.

पण गव्हर्नरच्या तारेत
तुरीच्या दाण्याएवढं शिशाचं सील होतं.
मिस्त्रीनं पक्कड लावली आणि माझ्याकडं बघितलं.
मी साहेबाकडं बघितलं.
साहेबानं मोबाईलकडं बघितलं.
कट्.

मग हायड्रॉलिकचा स्क्रू,
पाव आटा.
आणि अजून चिमूटभर, भाजीत मीठ कमी पडल्यासारखा.

पळाला की हो!
काटे वर जाताना चर्रर्र करायचे
ते आता सुळकन जायचे.
फक्त एक आहे,
फोर्कलिफ्ट वळतो मागच्या चाकांनी.
बघायचं पुढं, आणि झटका बसणार शेपटीचा.
हळू असताना हे ध्यानात राहतं.
त्या दिवशी गाडी बासष्ट मिनिटांत भरली,
साहेबानं सगळ्यांना चहा पाजला,
फुल, कट नाही.

दुसऱ्या दिवशी काट्यांवर सहाच्या जागी आठ बिलेट.
उचलले.
उचलले म्हणजे, पुढचं वर गेलं तेवढंच मागचंही,
मागची चाकं वीतभर हवेत
आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग
लेकराच्या खेळण्यातल्यासारखं मोकळं, कशालाच न जोडलेलं.

"भुजंग," साहेब म्हणले, "मागं उभा राहा."

भुजंग अठ्ठावन्न किलो.
डबा खाल्ल्यावर एकोणसाठ.
मग सादिक, त्रेसष्ट. मग झाडूवाला पोऱ्या,
त्याचं कुणी मोजलं नाही.
तिघं मागच्या लोखंडाला धरून उभे,
खेपेला दहा रुपये,
आणि गाडी बसली जमिनीवर.
ताकद वाढली, साहेब म्हणले.
कुणाची, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी उतारावर ब्रेक दाबला.
बिलेट पुढं सरकले, शेपूट उडालं,
आणि भुजंग माझ्या डोक्याच्या वर दिसला मला आरशात,
चप्पल एकीकडं, तो एकीकडं.
पडला भंगाराच्या अलीकडं, हातभर अलीकडं.
उठून हसला.
पण बराच वेळ जिभेनं एकेक दात चाचपत होता.

रात्रपाळी सुटल्यावर मी टॉर्च तोंडात धरली.
स्क्रू मागं घेतला, पाव आटा. आणि ते चिमूटभरही.
गव्हर्नरची तार वळून गाठ मारली,
शिसं कुठून आणू? वर ग्रीस थापलं.

सकाळी साहेब म्हणले, आज स्लो वाटतोय.
म्हणलं, थंडी आहे ना साहेब.
वैशाख होता. पत्र्याला हात लावता येत नव्हता.
तरी सत्तर मिनिटांत भरली,
ते फिल्टरचं पुण्य.

भुजंग सवयीनं मागं चढून उभा.
उतर, म्हणलं, आता गरज नाही.
तो उतरला नाही.
गरम लोखंडाला दोन्ही हात धरून म्हणला,
"आन् माझे दहा रुपये?"