बोटीची आजची किंमत

फेब्रुवारीत बोट अंगणात असते,
लोखंडी टेकूंवर, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.
मागची बाजू तेवढी उघडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून
तिचं नाव अर्धंच दिसतं: सा लिन.
पूर्ण नाव ट्रेसा लिन. माझंच.
मी जन्मले त्या वर्षी कर्ज काढून घेतली, म्हणून.

टेबलावर बुटांचा खोका, खोक्यात पावत्या:
डिझेल, दोरखंड, खारवलेल्या हेरिंगची पिंपं,
इंजिनाचा पट्टा, दंतवैद्य. हा इथे कसा?
आई रात्रपाळीहून येऊन झोपलीय, म्हणून
आम्ही दोघं कुजबुजत माझं भविष्य भरतोय.

पालकांचं वार्षिक उत्पन्न.
कुठल्या वर्षीचं, बाबा विचारतात,
शेवंडं आली त्या, की नाही आली त्या?
मागच्याच्या मागच्या, मी सांगते.
ते मागे रेलतात. बरं होतं ते, म्हणतात,
गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

मेनच्या या किनाऱ्यावर कुणी कुणाला आकडा सांगत नाही.
किती पिंजरे भरले, विचारलं
तर धक्क्यावर एकच उत्तर: चाललंय.
झाकली मूठ. आजोबांची झाकलेली, त्यांच्या भावाची झाकलेली.
बाबांची तर तशीही पूर्ण उघडत नाही,
दोन बोटं दोरखंडात सापडली होती, तेव्हापासून.
आणि मिस पेल्की,
जी तीन शाळांत मिळून एकच आहे, आमच्याकडे मंगळवारी येते,
तिचं म्हणणं, ताकाला जायचं तर भांडं लपवू नका.
हे मी घरी बोलले नव्हते.

व्यवसायाची मालमत्ता. आजची किंमत.
बाबा खिडकीबाहेर बघतात. खूप वेळ.
मग आकडा सांगतात, सहा आकडी, हळू आवाजात,
आणि म्हणतात, विकली तर.
'विकली तर' लिहायला जागा आहे का?
नव्हती.

निबंध मी एकटीने लिहिला.
साडेसहाशे शब्दांत तुमच्यावर आलेलं संकट.
मला संकट सापडेना. शेवटी हेरिंगच्या वासावर लिहिलं,
जो केसांतून जात नाही, आणि शाळेच्या बसमधल्या
माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर.
मिस पेल्कीने वाचून डोळे पुसले.
मला वाटलं, आता वासही विकला.

मार्चच्या शेवटी पत्र. अभिनंदन, ठळक अक्षरांत.
दुसऱ्या पानावर बारीक टायपात अनुदान, कर्ज,
आणि कुटुंबाचा अपेक्षित वाटा: वर्षाला एकतीस हजार डॉलर.
कुटुंबाने एकमेकांकडे पाहिलं.

बोटीवर एक पितळी माप असतं.
प्रत्येक शेवंडाच्या पाठीला लावून बघायचं.
फार लहान, परत पाण्यात. फार मोठं, तेही परत.
मधलं तेवढं ठेवायचं.
सहा वर्षांची होते तेव्हापासून मी हे करतेय,
आणि इथे उलटं माप निघालं,
इथे मधल्यांनाच परत फेकतात.

अपील करता येतं, मिस पेल्की म्हणाली. विनंती करा, नम्रपणे.
मी नम्रपणे दोन पानं लिहिली.
बाबांनी चष्मा लावून वाचली
आणि खाली पेन्सिलीने स्वतःचं एक वाक्य जोडलं:
बोट विकली तर चार वर्षांची फी निघेल,
त्या चार वर्षांत आम्ही काय खायचं ते कळवावं.
आईने खोडरबर पुढे केलं.
मी घेतलं नाही.

आता एप्रिल. प्लास्टिक निघालंय.
गॅरेजमध्ये तरंगते रांगेने टांगलेत, ओल्या नारिंगी रंगाचे,
आणि एक मे ही तारीख
फ्रिजवर चुंबकाखाली.
काल अंगणात एक अनोळखी पिकअप थांबला.
माणूस बोटीभोवती दोनदा फिरला, कठड्यावर टिचकी मारली,
नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
कितीला, त्याने विचारलं.
बाबांनी ब्रश पुसला, सावकाश.
चाललंय, म्हणाले.

मग आत येऊन,
हात धुता धुता, पाण्याच्या आवाजात:
पत्र आलं का गं?