विसापर्यंत

लातूरच्या डाळमिलमध्ये दिवसभर सगळं थरथरतं:
चाळण्या, पत्रे, कपातला चहा,
बोलणाऱ्याचे ओठसुद्धा.
तिथं बस्वराजला भीती वाटत नाही.
पापण्यांवर तुरीचा भुसा घेऊन
कट्ट्यांच्या थप्पीवर तो निवांत डुलकी काढतो.

भीती घरी.
पंखा बंद पडला, गल्लीतली कुत्री गप्प झाली, की.

लग्न झालं त्या रात्री
त्यानं उशाशी काठोकाठ भरलेला पेला ठेवला.
मला वाटलं, तहान लागत असेल.
सात वर्षांत एक घोट पिताना पाहिलं नाही.
रात्री दोनदा-तीनदा टॉर्च मारून
पाणी हलतंय का, एवढंच बघतो.
चप्पल घालूनच झोपतो. चादरी मी धुते.

डॉक्टरांनी विचारलं, त्र्याण्णव साली किती वर्षांचे होता?
चार.
मग काही आठवत नसणार.
तो हो म्हणाला.
मीही मान हलवली.

मुकादम एकदा हसत म्हणाला,
वहिनी, तुमचे मालक कट्टे विसापर्यंतच मोजतात बघा.
मग खडूची रेघ. परत एकपासून.
दहावी शिकलेला माणूस!

हे मी घरी काढलं नाही.
मागच्या भादव्यात गणपती बुडवून लोक परतले,
ढोल थांबले,
आणि तो उठून बसला.
अंधारात, माझ्याकडे न बघता:
अक्का म्हणली, रडू नको, तोंडात माती जाती.
आकडे म्हण.
मला विसापर्यंतच येत होते.
वीस झाले की ती म्हणायची, परत.
नंतर म्हणली नाही.
मी आपलं परत, परत.

परवा ईश्वरीला चार पूर्ण झाली.
आज उंबऱ्यात बसून ती डाळीचे दाणे मांडतेय.
सतरा, अठरा, एकोणीस...
हात धुता धुता तो थांबला. नळ तसाच.
वीस, ती म्हणाली,
आणि दाणे संपले म्हणून
त्याच्या पायांपाशी चाचपडू लागली.

त्यानं शर्टाचा खिसा उलटा केला.
भुशातून एक दाणा निवडून
तिच्या तळहातावर ठेवला.
पुढचा आकडा सांगितला नाही.
नुसता वाकून उभा राहिला, ओल्या हातांनी,
तिच्या तोंडाकडे बघत.

नळ मी बंद केला,
आवाज न करता.